रोज रात्री गोळ्या मोजायच्या, तिच्यासमोर

गेल्या मंगळवारी सकाळी चहा टाकत होते तेवढ्यात धाकटीचा मेसेज आला, ताई, शेजारी उभं राहायची अट गेली, आता सुपरव्हायझर त्याच वॉर्डात असली की पुरे. एवढंच. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून रडले, आई आतून विचारतेय काय झालं गं काय झालं आणि मला बोलताच येईना.

धाकटी म्हणजे माझी मावसबहीण, सिडनीला नर्स आहे, रजिस्ट्रेशन रद्द झाल्यावर आता देखरेखीच्या अटींवर परत कामाला लागलीय. नाव लिहीत नाही, पण बाकी सगळं लिही असं तिनंच सांगितलं कारण आपल्याकडे या गोष्टी कुणी बोलत नाही. मी स्वतः ३१ वर्षं बडोद्यात नर्सिंग केलं, शेवटची नऊ वर्षं वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते, त्यामुळे हे मी बहीण म्हणून पण लिहितेय आणि सिस्टर म्हणून पण.

तिनं काय केलं ते आधी सांगते, ते लपवून पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही. पेशंटला उचलताना तिची कंबर गेली, डॉक्टरनी एन्डोन दिली, म्हणजे ऑक्सिकोडोन, ओपिऑइड गोळी, अफूच्या जातीची, दुखणं थांबवणारी पण सवय लागणारी. कंबर बरी झाली पण गोळी सुटली नाही. डॉक्टरनी बंद केली तेव्हा हिनं वॉर्डातल्या कपाटातून घ्यायला सुरुवात केली. तिकडे या औषधांना शेड्यूल ८ म्हणतात, वेगळं कुलुपाचं कपाट, वेगळं रजिस्टर, एकेक गोळी लिहायची आणि दोन नर्सनी सही करायची. हिनं पेशंटच्या नावावर गोळी काढायची, दिली असं लिहायचं, आणि बरोबरची मुलगी विश्वासानं न बघता सही करायची. म्हणजे ऑपरेशन झालेला माणूस कण्हत पडलाय आणि त्याची गोळी हिच्या पोटात. मी हे मुद्दाम असं लिहितेय. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन महिने तिच्याशी बोलले नव्हते, मावशी फोनवर विनवण्या करायची, तू तरी बोल तिच्याशी, मी नाही बोलले.

२०१८ मध्ये पकडली गेली, लगेच सस्पेंड. मग तिकडच्या हेल्थ केअर कंप्लेंट्स कमिशननं केस ट्रिब्युनलपुढे नेली, न्यू साउथ वेल्सचं सिव्हिल अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रिब्युनल, सगळे एनकॅट म्हणतात. २०१९ मध्ये रजिस्ट्रेशन रद्द झालं आणि १८ महिने परत अर्जच करायचा नाही असा आदेश. तो निकाल नाव गावासकट इंटरनेटवर आहे, आजही आहे, उद्याही राहील. तिच्या मुलाच्या शाळेतल्या एका आईनं तो वाचला होता.

१८ महिने संपले म्हणजे परत नर्स झाली असं मला वाटलं होतं. तसं अजिबात नाही. मुदत संपल्यावर फक्त अर्ज करायचा हक्क मिळतो, आणि मी आता योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी पूर्ण अर्जदाराची. ट्रिब्युनल शिक्षा पुरेशी झाली का हे बघत नाही, लोकांना हिच्यापासून आता धोका आहे का एवढं बघतं. आणि ट्रिब्युनल हो म्हणालं तरी ते रजिस्ट्रेशन नसतं, ती फक्त बोर्डाकडे अर्ज करायची परवानगी. मग नर्सिंग बोर्डाचे आपले नियम, ५ वर्षांत किमान ४५० तास काम केलेलं असलं पाहिजे, आता जिला कामच करायला मनाई होती तिनं ते तास आणायचे कुठून, म्हणजे तिथेही पुन्हा अटी.

तिनं घाई केली नाही. उपचार घेतले, गोदामात पॅकिंगचं काम केलं, कुणी सांगितलेलं नसताना स्वतःच्या खर्चानं लघवीच्या आणि केसांच्या टेस्ट करत राहिली आणि त्याचे कागद जमवत राहिली.

डिसेंबर २०२२ मध्ये ती बडोद्याला आली, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मला एकटीला झेपत नव्हतं. पहिल्या रविवारी मी तिला तेल लावायला बसवलं, लहानपणी लावायचे तसं, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला माझ्या बोटाला पेन्सिलीच्या जाडीचा एक पट्टा लागला, मुळापासून कापलेला, खुंट वाढलेले. मी विचारलं हे काय गं. म्हणाली टेस्टसाठी घेतात ताई, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तीन सेंटिमीटर घेतले की तीन महिन्यांचं कळतं. मी काही बोलले नाही, तेल जिरवत राहिले.

आणि त्याच रात्री मी आईच्या गोळ्या मोजल्या.

आईला ट्रामाडॉल दिली होती, तीही ओपिऑइडच. आपल्याकडे ती २०१८ पासून एनडीपीएसखाली, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही. धाकटी आईच्या औषधांचा सात दिवसांचा डबा भरायची, मी सांगितलंच होतं भर म्हणून, आणि रात्री सगळे झोपल्यावर मी स्वयंपाकघरातला छोटा दिवा लावून पट्टीवरच्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी परत मोजल्या. असं बरेच दिवस चाललं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या रात्री, सगळ्या दांडिया बाजार भागात गच्च्यांवर स्पीकर लावायची धावपळ, मी पट्टी हातात घेऊन उभी आणि मागे धाकटी पाणी प्यायला आलेली.

मला वाटलं आता ही रडेल नाहीतर भांडेल. तिनं ग्लास भरला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, ताई मोजत जा, रोज मोज, पण माझ्यासमोर मोज आणि वहीत लिही. चोरून मोजलंस तर मला कळतं तू मोजतेयस आणि तुला कळत नाही मला कळतंय, आणि मग आपण दोघी खोटं वागतो. माझ्यासमोर मोजलंस तर मला झोप लागेल.

त्या दिवसापासून रात्री साडेनऊला जेवणाच्या टेबलावर आईच्या गोळ्यांची मोजणी. ती मोठ्यानं मोजायची, मी बघायची, वहीत तारीख, किती होत्या, किती दिल्या, किती उरल्या, दोघींची सही. आईसुद्धा खोलीतून विचारायची, झाली का गं मोजणी. पहिले दोन दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, बहिणीला चोर समजतोय आपण असं. आठवड्यानं ते गेलं. मार्चमध्ये ती परत निघाली तेव्हा वही भरत आली होती.

सुपरव्हाइज्ड प्रॅक्टिस, देखरेखीखाली काम, म्हणजे काय हे मला कुठल्याही कागदापेक्षा त्या टेबलावर जास्त कळलं. तिकडच्या नॅशनल बोर्डांची देखरेखीची जी चौकट आहे, तिच्यात चार पायऱ्या आहेत. पहिली थेट, सुपरव्हायझर शेजारी उभी राहून प्रत्यक्ष बघणार. दुसरीत ती त्याच जागी हजर असली पाहिजे पण सतत शेजारी नको. तिसरीत फोनवर मिळाली पाहिजे आणि गरज पडली तर येता आलं पाहिजे. चौथी लांबून. तुम्ही एकेक पायरी चढता, आणि चढलात का हे तुम्ही ठरवत नाही.

२०२३ मध्ये तिच्या परतीच्या अर्जाचं ट्रिब्युनलपुढे हिअरिंग ठरलं तेव्हा तिच्या वकिलांनी माझं पत्र मागितलं. मी दोन पानं लिहिली, किती गुणी मुलगी, किती प्रेमळ, आईची किती सेवा केली. वकीलबाईंनी परत पाठवलं. म्हणाल्या यात तिनं काय केलं हे तुम्हाला माहीत आहे असं एकही वाक्य नाही, अशा पत्राला ट्रिब्युनलमध्ये किंमत शून्य, आधी निकाल पूर्ण वाचा आणि वाचलाय असं लिहा. मी तो निकाल तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, त्यात त्या पेशंटांच्या दुखण्याचे आकडे होते, शून्य ते दहात किती दुखतंय ते, रात्री दोन वाजता आठ, चार वाजता आठ. ज्या सिस्टरनं ३१ वर्षं हे आकडे लिहिलेत तिला ते वाचणं काय असतं सांगता येणार नाही. मग मी नवीन पत्र लिहिलं. त्यात गोळ्या चोरून मोजल्याचं लिहिलं, वहीचं लिहिलं, पानांचे फोटो जोडले.

आदेश मिळाला. अटींची यादी मोठी होती, शेड्यूल ८ औषधांना हात लावायचा नाही, चाव्या ठेवायच्या नाहीत, नाइट नाही, एकटीनं शिफ्ट नाही, टेस्ट चालू, आणि सुरुवातीला थेट देखरेख. सुपरव्हायझर नात्यातली किंवा मैत्रीण चालत नाही, तिनं तो निकाल वाचलेला असला पाहिजे, तिला मान्यता लागते आणि तिनं ठरलेल्या मुदतीनं रिपोर्ट पाठवायचा.

आणि इथे खरी अडचण सुरू झाली, कारण आदेश हातात असून सात महिने तिला कुणी घेतलं नाही. विचार करा, एक नर्स घ्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी उभी करायची, कुठल्या हॉस्पिटलला परवडतं? अटी पब्लिक रजिस्टरवर दिसतात, फॉर्म भरला की नाव शोधतात आणि संपलं. कागदावर परतीचा रस्ता आणि रस्त्यावर चालायला जागा नाही. मला वाटतं जे सरकार अशा अटी घालतं त्यानं काही हॉस्पिटलांत त्यासाठी जागा आणि सुपरव्हायझरचा पगार पण ठेवला पाहिजे, नाहीतर हे माणसाला दमवून घालवणं झालं. शेवटी एका म्हाताऱ्या लोकांच्या केअर होममधल्या मॅनेजर बाईंनी तिला घेतलं. त्यांनी निकाल छापून काढला होता, जागोजागी खुणा केल्या होत्या, आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न विचारला, ज्या मुलीनं तुझ्या विश्वासावर सही केली तिचं पुढे काय झालं. धाकटी म्हणते सगळ्या हिअरिंगमध्ये इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या मुलीलाही चौकशीला सामोरं जावं लागलं होतं.

इंग्लंडमधली डॉक्टर हदीझा बावा-गार्बा यांची केस ज्यांनी वाचली असेल त्यांना हा रस्ता माहीत असेल. लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये २०११ साली सेप्सिसनं, म्हणजे शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गानं, त्यांच्याकडे उपचाराला असलेला सहा वर्षांचा मुलगा गेला, २०१५ मध्ये त्यांना सदोष मनुष्यवधात दोषी धरलं, जानेवारी २०१८ मध्ये हायकोर्टानं नाव रजिस्टरमधून काढायला लावलं, ऑगस्टमध्ये अपील कोर्टानं ते फिरवलं, २०१९ मध्ये देखरेखीच्या अटींवर परत यायला परवानगी मिळाली आणि २०२१ मध्ये अटी गेल्या. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद होते, रक्ताचे रिपोर्ट उशिरा आले, म्हणून हजारो डॉक्टर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. धाकटीची गोष्ट वेगळी आहे हे ती स्वतःच म्हणते, माझं कॉम्प्युटर चालू होतं ताई.

आता आपल्याकडचं. आपल्या डॉक्टरांचे २००२ चे आचारसंहितेचे नियम बघा, नाव कायमचं किंवा ठराविक काळासाठी रजिस्टरमधून काढता येतं आणि मुदत संपली की परत लावता येतं. मधली पायरी, कुणाच्या नजरेखाली परत यायचं, कोण रिपोर्ट देणार, त्यात नाही. काल बाहेर, आज आत. आणि नर्सच्या बाबतीत तर प्रकरण कौन्सिलपर्यंत जातच नाही, हे मी पाहिलंय.

माझ्याच वॉर्डात, कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही, एकदा मॉर्फिनच्या अँप्युलचा हिशोब लागेना. दोन रिकाम्या कमी. चौकशी अर्ध्या तासात संपली, एका तरुण सिस्टरचं नाव आलं, वरून सांगितलं बेनकडून राजीनामा लिहून घ्या, बोभाटा नको, हॉस्पिटलचं नाव जाईल. राजीनामा माझ्यासमोर लिहिला गेला. मी तिला विचारलं नाही की तू घेतलीस का, कधीपासून घेतेस, तुला मदत हवी का. काहीच विचारलं नाही. पंधरा दिवसांत ती दुसऱ्या नर्सिंग होममध्ये लागली, तिकडून कुणाचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. तिकडेही कपाट असेल, चाव्या असतील. ती मुलगी आज कुठे आहे, आहे का, मला माहीत नाही. तिच्यासमोर बसून मोजणारं कुणी मिळालं असतं तर, हे मला उत्तरायणाच्या त्या रात्रीपासून सारखं वाटतं, आणि ते कुणी म्हणजे मीच व्हायला हवं होतं, इन्चार्ज मी होते.

धाकटीला परवा व्हिडिओ कॉल केला. शिफ्ट संपवून आली होती, निळा युनिफॉर्म अंगावरच. पहिल्या दिवशी औषधाच्या ट्रॉलीपाशी शेजारी कुणी नाही तर कसं वाटलं विचारलं. म्हणाली सवयीनं मागे वळून गोळीचं नाव आणि डोस मोठ्यानं बोलले, मागे कुणी नव्हतं, तर बेडवरचे आजोबा म्हणाले, आय अ‍ॅम लिसनिंग. शेड्यूल ८ च्या चाव्या अजून नाहीतच, तो अर्ज आणखी एक वर्षानं.

आईनं फोन हातातून घेतला आणि विचारलं, तुझी मोजणी कोण करतं आता? ती म्हणाली, मावशी, वॉर्डात दुसऱ्या टोकाला एक बाई बसलेली असते ना, ती.