दुसऱ्याच्या झोपेसाठी

बहुतेक दुखण्यांत ज्याला त्रास होतो तोच औषध घेतो. घोरण्याचा न्याय वेगळा आहे. घोरणारा स्वस्थ झोपलेला असतो, जागरण शेजारच्याला घडते आणि सकाळी पहिला त्या आरोपाचा साफ इन्कार करतो. त्यामुळे घोरणे थांबवणारी उपकरणे बहुधा ती न वापरणाऱ्याच्या आग्रहाने घरात येतात आणि ज्याच्यासाठी आणली तो ती उपकार केल्यासारखी वापरतो.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि मऊ टाळू व पडजीभ आत येणाऱ्या हवेबरोबर थरथरू लागतात. उताणे झोपल्यास जीभही मागे सरकून वाट आणखी अरुंद करते. प्रत्येक उपकरण या वाटेवरची एखादीच जागा सांभाळते. नाकावर चिकटवायची पट्टी नाकपुड्या बाहेरून ओढून धरते, म्हणून चोंदलेल्या नाकाला तिचा उपयोग होतो. आवाज टाळूचा असेल तर ती बिचारी काय करणार? पाठीशी चेंडू शिवलेला सदरा माणसाला कुशीवर वळवतो आणि केवळ उताणे झोपल्यावर घोरणाऱ्यांना तेवढे पुरतेही. मला त्यातल्या त्यात शहाणे वाटते ते दातांवर बसवायचे उपकरण. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरते, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशात जागा होते. मात्र ते दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावे लागते, सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा अवघडतो आणि वर्षानुवर्षे वापरल्यास दातांची ठेवण थोडी बदलू शकते.

डिजरीडू या ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या लांब वाद्याचा रियाज केल्याने स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराच्या, रुग्णांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली आणि शेजारी झोपणाऱ्यांनाही आराम पडला, असे 2006 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आढळले होते. रात्रीचा आवाज दिवसा सोसायचा, एवढाच काय तो फरक!

स्लीप ॲप्नियाचा विषय निघाला की थट्टा आवरती घ्यावी लागते. या विकारात घसा पूर्ण मिटतो आणि श्वास निदान 10 सेकंद थांबतो. तासाभरात असे बरेचदा घडू शकते. गंमत अशी, की घोरणे एकाएकी थांबले म्हणून शेजारच्याला हायसे वाटते, नेमके तेव्हाच घोरणाऱ्याच्या रक्तातला प्राणवायू उतरत असतो. अशा वेळी नाकावरच्या पट्टीने आवाज थोडा कमी झाला, तरी रोग जिथल्या तिथेच राहतो. गंभीर रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडण्यावाचून फारसा उपाय नव्हता, त्या काळात ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मास्कमधून सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत 1981 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तेच आजचे सीपॅप यंत्र. मास्क टोचतो, नाक कोरडे पडते, नळी अंगाखाली येते, म्हणून पुष्कळजण ते कपाटात ठेवून देतात. शेजारच्याच्या झोपेसाठी नव्हे, तर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या जिवासाठी असलेले उपकरण असे अडगळीत पडावे, हे मला चमत्कारिक वाटते.

उपकरण निवडण्याआधी झोपेची तपासणी करून घेणे बरे आणि डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्यानेही सोबत जावे. आवाज किती मोठा होता यापेक्षा तो मध्येच किती वेळ बंद पडत होता, हे डॉक्टर विचारतात आणि ते रुग्णाला ठाऊक नसते.