दुभाष्याचं नाव काय होतं?

शनिवार, रात्री साडेदहा

बायबलमधली योसेफाची गोष्ट आज उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आली. गेले पाच शनिवार तीच चालू आहे, मुलांनाच ती सोडवत नाही. सतरा वर्षांचा पोरगा, भावांनीच विकलेला, घरापासून तुटलेला, मुलूख परका, भाषा परकी. हे या मुलांना समजावून द्यावं लागत नाही.

दिल्लीत विकासपुरीच्या मागच्या गल्लीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. रविवारी तिथे हाखा बोलणाऱ्या मंडळीची उपासना असते, शनिवारी तीन ते सहा ती आम्हा स्वयंसेवकांच्या ताब्यात. खाली कपडे शिवायचं वर्कशॉप आहे, त्यामुळे जमीन सतत बारीक थरथरत असते. आज चोवीस मुलं होती. सगळ्यांत लहान सहा वर्षांची, मोठा सतराचा. पहिला दीड तास शाळेचा अभ्यास, मग गाणी, मग वचन, शेवटी केळी आणि बिस्किटं. सगळी म्यानमारच्या चिन राज्यातली, पण चिन म्हणजे काही एक भाषा नव्हे. हाखावाल्याला तेदिमचं बोलणं कळत नाही, मातू बोलणाऱ्यांचं आणखी वेगळं. मी हिंदीत बोलते, आणि माझं वाक्य संपलं की चटयांवरून तीन-चार भाषांची कुजबुज मागे मागे जाते. तेवढा वेळ थांबायला मी शिकले आहे.

आजचा भाग असा : दुष्काळ पडलाय, भाऊ धान्य घ्यायला मिसरात आलेत. आता तिथला मोठा अधिकारी झालेला योसेफ त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. तो मिसरी भाषेत बोलतो आणि मध्ये एक दुभाषी उभा असतो. भावांना वाटतं, या साहेबाला आपली बोली कुठे कळतेय. म्हणून ते त्याच्या देखतच आपल्या जुन्या पापाबद्दल आपसांत बोलतात. योसेफाला शब्दन् शब्द कळतो. तो बाजूला जाऊन रडतो, तोंड सावरून परत येतो.

मला वाटलं होतं, मुलं रडण्याबद्दल विचारतील. खिडकीजवळ बसणाऱ्या आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने हात वर केला. "सयामा, त्या माणसाचं नाव काय होतं?" (सयामा म्हणजे बाई, शिक्षिका. बर्मी शब्द आहे.)

"कुठल्या माणसाचं?"

"मध्ये उभा होता त्याचं. दुभाष्याचं."

मी माझं मराठी बायबल पाहिलं, हिंदी पाहिलं, तिने तिचं हाखातलं पाहिलं. कुठेच नाही. शब्बाथशाळेत लहानपणापासून ही गोष्ट ऐकली, नंतर स्वतः कितीदा शिकवली, आणि त्या माणसाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. म्हटलं, "लिहिलेलं नाही गं."

तिने मान हलवली, जणू हे तिला आधीच माहीत होतं.

सगळी गेल्यावर ती चटया गुंडाळायला थांबली. हे नेहमीचंच. दोन चटया झाल्या, तिसरीला हात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याने सगळं खरं खरं सांगितलं असेल का?"

मग हळूहळू बाहेर आलं. सहा आठवड्यांपूर्वी आईच्या पोटात कळा येत होत्या म्हणून ती आईला घेऊन सरकारी रुग्णालयात गेली होती. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, ऑपरेशन करावं लागेल, फार लांबवू नका. आईने विचारलं, काय म्हणाले? हिने सांगितलं, गॅस झालाय, गोळ्या दिल्यात, तिखट खाऊ नको.

कागद तिने तांदळाच्या डब्याखाली ठेवलेत. सहा आठवडे.

"का गं?"

"नू रडली असती." नू म्हणजे आई. "आणि खाडे झाले असते. आणि धाकट्याला कोण बघणार?"

मला काही सुचेना. चटईचं दुसरं टोक धरलं आणि तिच्याबरोबर गुंडाळत राहिले.


रविवार

उपासनेत लक्ष लागलं नाही. पाळकसाहेबांचा उपदेश कशावर होता, हे आता विचारलं तर सांगता येणार नाही.

तिचं नाव मी या वहीतसुद्धा लिहीत नाही. वडील अजून तिकडेच आहेत. थंटलांगचे हे लोक. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरला लष्कराच्या माऱ्याने त्या गावातली घरं पहिल्यांदा पेटली. आग विझवायला धावलेले तरुण बाप्टिस्ट पाळक कुंग बियाक हुम यांना तिथेच गोळ्या घातल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस शंभराहून जास्त घरं एकदम जळाली, तोवर गाव रिकामं झालं होतं. ही तेव्हा दहा वर्षांची. तियाऊ नदी ओलांडून मिझोराम, तिथे काही महिने शाळा. मिझो सरकारने या मुलांना शाळांत घेतलं, आणि मिझो भाषा त्यांच्या भाषेला जवळची, त्यामुळे तिथे निभावलं. मग गुवाहाटीहून रेल्वेने दिल्ली. का, तर यूएनचं कार्ड दिल्लीत मिळतं. भारताने १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी असा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. म्हणून या लोकांच्या हातात कागद म्हणून काय ते कार्डच.

इथे आल्यावर घरात सगळ्यांत आधी हिंदी आलं ते तिला. तिथून सुरू झालं. घरमालकाशी ती बोलते. विजेचं बिल, भावाची शाळा, आईचा बुडालेला पगार मागणं, औषधाचं दुकान, सगळं ती. कुठल्याही अर्जावर आडनावाचा रकाना असतो आणि चिन लोकांत आडनाव नसतंच. मग खिडकीपलीकडचा माणूस नावाचा शेवटचा तुकडा तोडून आडनावात टाकतो. आईच्या तीन कागदांवर तीन नावं झाली आहेत. ती तिन्ही एकाच बाईची आहेत हे पटवून देण्याचं कामही हिचंच.

आणि मी तरी काय वेगळं केलं? दोन वर्षं घरभेटींना जाताना तिलाच बरोबर नेलं. "चल गं, तू सांग ना त्यांना." एका घरी भाऊ मारला गेल्याची बातमी नुकतीच आली होती. त्या बाई बोलत होत्या, ही मला हिंदीत सांगत होती. मग मी प्रार्थना केली, ती हिने ओळीओळीने त्यांच्या भाषेत केली. मी डोळे मिटून होते. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून मी एक अख्खं मरण इकडून तिकडे नेलं आणि घरी येऊन या वहीत लिहिलं की आज फार धन्य वाटलं. ते पान आत्ता उघडून पाहिलं.

मागे एका बाहेरगावच्या मंडळीचे पाहुणे आले होते, त्यांना मुलांकडून साक्ष हवी होती. काय काय सोसलं ते मुलांनी उभं राहून सांगायचं आणि त्यांनी ते मोबाइलवर घ्यायचं. मी नाही म्हटलं, थोडी वादावादी झाली, ते नाराज होऊन गेले. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. पण दर शनिवारी दुपारी तिला घेऊन दारोदार जाताना मला कोणी हटकलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

माझी आजी बायबल-बाई होती, नेवासा-शेवगावकडची गावं पायी फिरायची. ती सांगायची, नव्या वस्तीवर गेलं की पहिले काही महिने वचन काढायचं नाही. जात्याजवळ बसायचं, ऐकायचं, त्यांची बोली कानात मुरू द्यायची. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये, आणि चिन राज्यातल्या हाखा गावी मिशनरी कार्सन दांपत्य पोचलं १८९९ मध्ये. या मुलांची कितीतरी गाणी आमच्याच चालींवरची आहेत, म्हणून पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की आपण एकाच घरचे. चाल एक असली म्हणून बोली कळत नाही, हे आजीला न शिकता ठाऊक होतं. मी दोन वर्षांत "ना दाम मॉ?" (बरी आहेस ना?) आणि "का लॉम" (आभारी आहे) यांपलीकडे गेलेली नाही.

तिच्या घरी संध्याकाळी जाऊन आले, एकटी. आईने वाटीभर साबुती पुढे केलं. भरडलेल्या मक्याचं असतं, आमच्या कण्यांची आठवण होते. आम्ही दोघी नुसत्या बसलो. बोलता येत नव्हतं तरी तासभर बसलो. मुलगी आतून बाहेर बघत होती, बोलावण्याची वाट बघत असावी. मी बोलावलं नाही.


बुधवार

हाखा मंडळीतल्या एका मोठ्या बाईंना विचारलं. दिल्लीत त्यांना बरीच वर्षं झाली, हिंदी पक्कं. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आल्या. आमच्या स्वयंसेवकांच्या डब्यातून त्यांची मजुरी द्यायची, असं कालच आम्ही चौघांनी फोनवर ठरवलं. यापुढे असं कुठल्याही कामाला मोठं माणूसच जाईल आणि त्याच्या रोजाचे पैसे दिले जातील. हे दोन वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.

मुलीला शाळेत जा म्हटलं, ऐकेना. शेवटी बरोबर आली.

खिडकीवर आधार मागितलं. कार्ड दाखवलं. त्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिलं, शेजारच्याला दाखवलं, मागे रांग ओरडायला लागली. मुलगी सवयीने पुढे झाली, तोंड उघडलंसुद्धा. त्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला हळूच मागे घेतलं आणि स्वतः बोलल्या. चिठ्ठी मिळाली.

डॉक्टरांच्या खोलीत तिला नेलं नाही. बाहेर बाकावर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली. दार लोटून घेताना मी पाहिलं, ती दाराच्या फटीकडे बघत होती. या दाराबाहेर थांबायची तिची ही पहिलीच वेळ.

डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलले. कागद पाहून म्हणाले, इतके दिवस का थांबलात? बाई सांगायला लागल्या. खडे, इतपर्यंत आल्या असतील, आईने हात वर करून त्यांना थांबवलं. काहीतरी म्हणाली. बाई गप्प झाल्या. मग माझ्याकडे वळल्या :

"तिला माहीत आहे. म्हणते, डॉक्टर त्या दिवशी तीनदा ऑपरेशन म्हणाले. तो एक शब्द मला येतो."

सहा आठवडे. मुलगी कागद डब्याखाली लपवत होती आणि आई त्याच डब्यातून तांदूळ काढत होती.

बाईंनी माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीच विचारलं असावं, मग बोलली का नाहीस? आईचं उत्तर त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलं. "पोरीला वाटत होतं, तिने मला वाचवलंय. म्हटलं, वाटू दे."

खोलीत मात्र आईने एवढंच केलं. भिंतीकडे तोंड केलं, शालीच्या टोकाने डोळे पुसले, चेहरा सारखा केला आणि डॉक्टरांकडे वळून मान डोलावली. मी तिथे उभी होते आणि बेचाळिसावा अध्याय माझ्या डोळ्यांपुढे होता.

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. धाकट्याला ते चार दिवस त्या बाई ठेवून घेणार आहेत. वर्कशॉपमध्ये आईची जागा राहील की नाही, हे अजून कळत नाही.

बाहेर आल्यावर मायलेकी एकमेकींशी काय बोलल्या ते मला कळलं नाही, आणि मी कोणाला विचारलंही नाही. बसस्टॉपपर्यंत आई मुलीचा हात धरून चालत होती. एरवी मुलगी आईचा धरून चालते.


शनिवार, रात्री

आज एकोणीसच मुलं. दोन घरं भाडं वाढलं म्हणून हस्तसालकडे गेली, तिथून येणं लांब पडतं. पुढच्या आठवड्यात बघायला जायला हवं.

अभ्यासानंतर अर्धा तास उलटा वर्ग घेतला. मुलं सयामा, मी विद्यार्थिनी. सहा वर्षांच्या पोराने मला "बरी आहेस ना" परत म्हणायला लावलं, नऊ वेळा. माझा सूर चढतो तिथे उतरायला हवा म्हणे. दहाव्या वेळी त्याने टाळी वाजवली. पाण्याला "ती" म्हणतात, हे आज कळलं. दोन वर्षं मी त्यांना पाणी देतेय.

मग त्रेचाळिसावा अध्याय, भाऊ बन्यामिनाला घेऊन परत येतात तो. आमच्यातली मिझो विद्यार्थिनी वाचत होती. खिडकीजवळची आमची मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. मागच्या पोरांना एक शब्द अडला तेव्हा सवयीने सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. तोंड थोडं उघडं, हात चटईवर सैल पडलेला. खालच्या मशीन चालू होत्या, गिटार वाजली, गाणं झालं, केळी वाटून झाली, तरी ती उठली नाही. तिच्या वाट्याचं केळं तिच्याजवळ ठेवलं.

सहा वाजले. मुलं गेली. मी बाकीच्या चटया गुंडाळल्या, तिच्या खालची तेवढी राहू दिली आणि दारात बसून राहिले.