होडीतला संडास: नऊ पाइपांचे दोन झाले त्याची गोष्ट

नवऱ्याने जुनी शिडाची होडी घेतली तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली. शिडं, दोर आणि इंजिन त्याच्याकडे. मी शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, म्हणून "पाइपिंग तुझं." पाइपिंग म्हणजे नेमकं काय, ते बेसिनखालचं फळकूट काढल्यावर कळलं.

होडी तीस फुटी, चाळिशी ओलांडलेली, सिॲटलच्या धक्क्यावर बांधलेली. आत उतरलं की एक वास यायचा. थेट संडासाचा नव्हे. पावसाळाभर बंद असलेल्या खोलीचा येतो तसा, पण जरा जास्त ओळखीचा. पाहुणे काही बोलत नसत. फक्त चहा वर डेकवर पीत, जानेवारीतसुद्धा.

होडीतला संडास घरच्यासारखा नसतो. भांडं बहुधा बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खाली असतं, त्यामुळे उतार देऊन काही वाहून नेता येत नाही. बाजूच्या हातपंपाचा एक घाव समुद्राचं पाणी आत ओढतो, तोच पुढे मैला ढकलतो. तो परत येऊ नये म्हणून चोचीसारखी एक रबरी झडप असते, तिला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. आणि पाणी सायफनने आपोआप आत येऊन होडी भरू नये म्हणून पाइप उंच नेऊन वळवतात आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप बसवतात. या गोष्टीची चेष्टा करू नये. यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडजवळ गमवावी लागली, त्याची सुरुवात संडास चुकीचा चालवल्याने झाली. समुद्राचं पाणी बॅटऱ्यांपर्यंत पोचलं, क्लोरीन वायू झाला, पाणबुडीला वर यावं लागलं आणि मग विमानांनी गाठलं.

पहिले दोन शनिवार मी पाइपांमागे हात घालत फिरले. भांड्यातून निघालेला पाइप एका तीन तोंडी व्हॉल्व्हमध्ये. तिथून एक फाटा मैला साठवायच्या टाकीत, दुसरा वळण घेऊन थेट समुद्रात. टाकीतून निघालेला पाइप पुन्हा तीन तोंडी व्हॉल्व्हमध्ये. तिथून एक फाटा वर डेकवरच्या झाकणाला, जिथून धक्क्यावरचं यंत्र टाकी उपसतं, आणि दुसरा आणखी एका हातपंपातून परत समुद्राकडे. कागदावर काढलं तेव्हा मोजलं: पाइपाचे ९ तुकडे, प्रत्येक टोकाला दोन, म्हणजे ३६ क्लॅम्प. चित्र बरोबर होतं, पण त्यातून काही उमगत नव्हतं. हे सगळं का आहे?

मग चित्र उलटं वाचलं. या मैल्याला जायची परवानगी कुठे आहे? अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडायला बंदी आहे. आमच्या प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिॲटलच्या खाडीत, २०१८ पासून प्रक्रिया केलेलाही सोडता येत नाही. खुला प्रशांत महासागर आमच्या धक्क्यापासून शंभरावर मैल लांब. आम्ही शनिवारी निघून रविवारी परत येणारी माणसं. म्हणजे त्या जंजाळातला समुद्राकडे जाणारा सगळा भाग आमच्यासाठी नुसताच वास मारत बसला होता. उरला एकच रस्ता: भांडं, टाकी, डेक.

"असू दे ना ते व्हॉल्व्ह," नवरा म्हणाला. "कधी अलास्काला गेलो तर?"

"गेलो की बसवू."

कोणता पाइप वास सोडतो ते शोधायची युक्ती सोपी आहे. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाभोवती गुंडाळायचं, गार होऊ द्यायचं, मग बाहेर मोकळ्या हवेत नेऊन हुंगायचं. जुन्या पाइपाचं रबर मुरतं आणि वास आरपार येतो. पाच फडकी नापास झाल्यावर मी हुंगणं थांबवलं.

टाकी उपसून, गोड्या पाण्याने तीनदा धुवून घेतली आणि तरीही पहिला पाइप सुटल्यावर वाटीभर ऐवज माझ्या बाहीत गेला. वळणात राहिलेलं पाणी कुठेही उपसलं जात नाही, हे मला चित्रात दिसायला हवं होतं. पाइप कापून पाहिला तर ३८ मिलिमीटरच्या भोकातून जेमतेम माझा अंगठा जाईल एवढीच वाट उरलेली. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतो ना, तसाच. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि लघवी मिळून हा थर होतो. आता महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर भांड्यात ओतून रात्रभर ठेवते. चढलेला जाड थर त्याने जात नाही, नवा चढायला मात्र वेळ लागतो.

पाइप आखूड झाल्याचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता. ३८ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे लिटरभराहून थोडं जास्त पाणी मावतं. पूर्वी भांडं ते टाकी चार मीटर होतं; चार-पाच घाव मारून उठलेल्याचा मैला पाइपातच मुक्काम करायचा. आता ते अंतर दीड मीटर आहे.

समुद्राचं पाणी आत घेणारी बाजू मी जवळजवळ सोडून देणार होते. तिथे वळण होतं, पण आधीच्या कुणीतरी ते तळातला कॉक आणि पंप यांच्यामध्ये बसवलेलं. पंप ओढायला लागला की माथ्यावरची झडप उघडून पाण्याऐवजी हवा घ्यायची, म्हणून तो कायम कोरडा खोकायचा. ते वळण पंप आणि भांडं यांच्यामध्ये हवं. अर्ध्या तासाचं काम; आधीच्या मालकांनी त्यासाठी पंपच दोनदा बदलल्याच्या पावत्या कागदपत्रांत सापडल्या. हे वळण मात्र काढून टाकायचं नाही, कितीही साधेपणाचं वेड लागलं तरी.

टाकीचा हवा-पाइप बारीक आणि वाळक्या चिकट्याने बुजलेला होता. हवा मिळाली नाही की टाकीत सडका वास तयार करणारे जिवाणू माजतात. तिथे २५ मिलिमीटरचा, आखूड आणि सरळ पाइप टाकला. मला वाटतं, अर्धा वास त्यानेच गेला.

आता २ तुकडे, ८ क्लॅम्प. समुद्राकडचा कॉक बंद करून वरून बूच मारलं. होडी पुढच्या वेळी पाण्याबाहेर काढू तेव्हा ते भोक फायबरग्लासने कायमचं बुजवायचं. टाकी उपसणं आमच्याकडे बहुतेक ठिकाणी फुकट आहे, १९९२ च्या केंद्रीय कायद्यातून त्याला अनुदान मिळतं. परवा उपसताना नळीच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबलो, मग खाली बसून चहा घेतला.

दोन्ही तीन तोंडी व्हॉल्व्ह नवऱ्याने धुवून गॅरेजमधल्या एका खोक्यात ठेवलेत. खोक्यावर मार्करने लिहिलंय: अलास्का.