पहिली गोळी चार किलोची

"म्हणजे राही सरनोबतसारखं का?" मी पिस्तुलाच्या स्पर्धांना जातो म्हटलं की पुण्याच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. नाही, तसं नाही. तिने २०१८ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये ज्या प्रकारात सुवर्ण घेतलं, त्या २५ मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाप्रमाणे किमान एक किलो वजन लागतं. कॉलेजात असताना मी बालेवाडीला दोन वर्षं एअर पिस्तूल मारायचो, त्याला तर अर्धा किलो पुरतो. आता ह्यूस्टनबाहेरच्या क्लबात जे पिस्तूल घेऊन उभा राहतो, त्याच्या पहिल्या गोळीला माझ्या काट्यावर चार किलो भरतात. चार किलो, एका तर्जनीवर, आणि वर घड्याळ चालू.

गंमत म्हणजे हे फक्त पहिल्या गोळीला. दुसरीपासून दीड किलोत काम होतं.

आपल्याकडे हॅमरला घोडा म्हणतात आणि ट्रिगरला चाप. ते शब्द घेतले की गोष्ट चटकन कळते. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये घोडा आधीच चढवलेला असतो, चापाने तो फक्त सोडायचा. डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा मागे नेणं आणि सोडणं ही दोन्ही कामं चापाकडेच. माझ्या सीझेड शॅडो २मध्ये पहिली गोळी अशी डबल. ती सुटली की मागे येणारी स्लाइडच, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, घोडा चढवून ठेवते, म्हणून पुढच्या सगळ्या सिंगल. आमच्या यूएसपीएसएच्या, म्हणजे घड्याळ लावून नेमबाजी घेणाऱ्या अमेरिकन संघटनेच्या, प्रॉडक्शन नावाच्या पिस्तूल-गटाचा नियम असा, की अशा पिस्तुलाचा घोडा सुरुवातीला पूर्ण खाली हवा. पहिली गोळी सोपी करून घ्यायची सोय नाही.

ग्रीन कार्ड येईपर्यंत हा नाद मला करताच येत नव्हता. एच-१बीवर असताना शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं इथल्या कायद्यात बसत नाही. त्यामुळे बालेवाडी सुटल्यानंतर चौदा वर्षांनी पिस्तूल हातात धरलं, आणि बालेवाडीच्या सवयी जशाच्या तशा बरोबर घेऊन आलो. खरी अडचण तीच निघाली, पण ते कळायला मला वर्ष लागलं.

स्टेजवर, म्हणजे मॅचच्या एका टप्प्यावर, उभं राहिलं की अधिकारी म्हणतो, "मेक रेडी." मॅगझीन घालायचं, स्लाइड ओढून सोडायची. आता चेंबरमध्ये जिवंत काडतूस आणि वर चढलेला घोडा. शॅडो २ला घोडा उतरवायची कळ नाही. मग नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात घोडा चिमटीत पकडायचा, उजव्या बोटाने ट्रिगर दाबायचा आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा घोडा हळूहळू खाली न्यायचा. चिमूट निसटली तर गोळी सुटते आणि तुमची मॅच तिथेच संपते. ऑगस्टमध्ये इथे पारा ३८च्या आसपास असतो, हात घामाने निसरडे झालेले असतात. पहिल्या सहा महिन्यांत सुरुवातीची बीप वाजायच्या आधीच माझं अर्धं अवसान ह्या चिमटीत जायचं.

आमच्याकडे गुणांचा हिशोब सरळ आहे. टार्गेटच्या मधल्या ए झोनला पाच, त्याबाहेरच्या सीला तीन, डीला एक. हुकलं तर दहा वजा, ज्याला मारायचं नाही त्या पांढऱ्या 'नो-शूट' टार्गेटला लागली तर आणखी दहा वजा. उरलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, आलेला आकडा म्हणजे हिट फॅक्टर. म्हणजे अचूकता आणि वेग दोन्ही एकाच तराजूत.

एका रविवारी पहिलंच टार्गेट १५ यार्डांवर होतं आणि त्याची डावी खालची बाजू नो-शूटने झाकलेली. बीप झाली. पिस्तूल बाहेर काढलं, हात लांब केले, नेम धरायची पुढची साइट मागच्या खाचेत छान बसली. बालेवाडीत शिकवलं होतं, आधी साइट, मग दाब. साइट बसली होती. मग मी दाब द्यायला सुरुवात केली. पाव सेकंद गेला, अर्धा गेला, ट्रिगर अजून निम्म्यावरच, साइट डुलायला लागलेली, मागे अख्खं स्क्वॉड, म्हणजे बरोबर खेळणारी तुकडी, उभं. मी उरलेला सगळा ट्रिगर एका झटक्यात ओढला. गोळी डावीकडे खाली, नो-शूटच्या बरोबर मधोमध. ए झोनचे पाच गेले, हुकल्याचे दहा, नो-शूटचे दहा. एका गोळीत २५ गुण. नंतर हिशोब मांडला तर ह्या एका गोळीपायी २२ सेकंदांच्या त्या स्टेजचा हिट फॅक्टर ४.९वरून ३.८च्या खाली आला होता. बाकीच्या २३ गोळ्या मी बऱ्यापैकी मारल्या होत्या हे सांगायला कोणाकडे जाणार?

त्यानंतर मी इंजिनिअर माणसाने करायचं तेच केलं, सुटे भाग मागवले. घोड्यामागची स्प्रिंग बदलून सगळ्यात हलकी बसवली. काट्यावर चारचे पावणेतीन किलो झाले आणि मी दोन आठवडे हवेत होतो. तिसऱ्या आठवड्यात बीपनंतर पहिली गोळी नुसती 'टक्' म्हणाली. काडतुसं मी घरीच भरतो, त्यातले प्रायमर (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी टोपी) जरा कडक होते आणि हलक्या स्प्रिंगचा घोडा त्यांना पुरेसा ठोका देत नव्हता. डबल अ‍ॅक्शनचा एक फायदा तेवढा पदरात पडला: ट्रिगर पुन्हा ओढला, घोडा पुन्हा पडला आणि गोळी गेली. पण तोवर सेकंद गेला होता. शेवटी मधल्या वजनाची स्प्रिंग बसवली, सव्वातीन किलोच्या आसपासची, आणि तो विषय मिटवला. एक मित्र म्हणाला, "एवढं कशाला, लिमिटेड ऑप्टिक्स गटात जा, तिथे घोडा चढवून सुरुवात करता येते." सल्ला चुकीचा नव्हता. पण मला तो शेजाऱ्याच्या कुत्र्याला घाबरून गल्ली बदलण्यातला वाटला.

आमच्या स्क्वॉडमध्ये सत्तरीतले एक गृहस्थ आहेत. इथल्या पद्धतीने त्यांना नावाने हाक मारावी लागते, मनातल्या मनात मी काका म्हणतो. ते रिव्हॉल्व्हर मारतात. रिव्हॉल्व्हरवाल्याला ह्या खेळात प्रत्येक गोळी डबल अ‍ॅक्शन. त्यांचं दैवत जेरी मिक्युलेक, ज्याने १९९९मध्ये सहा गोळ्या, रीलोड आणि पुन्हा सहा गोळ्या २.९९ सेकंदांत मारल्या. काकांनी माझे चार-पाच पहिले शॉट मागून पाहिले आणि म्हणाले, "तू एकच ट्रिगर दोनदा ओढतोस. आधी थोडा ओढतोस, मग थांबून साइटला विचारतोस 'जाऊ का?', आणि उत्तर यायच्या आत घाबरून उरलेला ओढतोस."

मग आपली स्मिथ अँड वेसन ९२९ माझ्या हातात दिली. आठ गोळ्यांची. "दहा यार्ड. आठही मार. कुठे लागतात ते बघू नकोस. ट्रिगर एकदा हलला की थांबवायचा नाही, तेवढंच."

पहिल्या दोन नेहमीसारख्या डावीकडे खाली. तिसरी जरा आत. चौथ्यापासून काहीतरी बदललं. सिलिंडर गर्रकन फिरतोय, ट्रिगर मागे, पुढे, पुन्हा मागे, रहाटाला लय लागावी तसा. कुठली गोळी 'अवघड' म्हणून वेगळी काढायला सवडच नव्हती. शेवटच्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या. ट्रिगर माझ्या पिस्तुलाइतकाच जड, माणूस तोच, ऊनही तेच. काकांनी रिव्हॉल्व्हर परत घेतली आणि काडतुसांची टरफलं वेचायला लागले.

घरी येताना गाडीत मी हेच घोळवत होतो. बालेवाडीची शिकवण खोटी नव्हती. अर्ध्या किलोच्या ट्रिगरला, एका शॉटला मिनिटभर वेळ असताना, आधी साइट मग दाब हेच खरं. पण इथे साइट बसल्यावर ट्रिगरला हात घालणं म्हणजे गाडी फलाटावर लागल्यावर घरून निघणं. ट्रिगरचा प्रवास आणि साइटचा प्रवास एकाच वेळी सुरू व्हायला हवेत आणि एकाच वेळी संपायला हवेत.

म्हणायला सोपं. रात्री मुलं झोपली की गॅरेजमध्ये पंधरा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय सराव, सुरू केला. नियम एकच आणि कडक: त्या वेळी गॅरेजमध्ये एकही जिवंत काडतूस नाही. चेंबर तीनदा बघायचं, डमी काडतूस घालायचं, मगच सुरुवात. पहिला आठवडा टार्गेटसुद्धा लावलं नाही. कोरी पांढरी भिंत, त्यावर पुढची साइट, आणि ट्रिगर न थांबता मागे. भिंत कोरी असली की साइटची लबाडी लपत नाही. घोडा पडायच्या क्षणी ती दर वेळी डावीकडे खाली बुडी मारायची.

कारण दोन दिवस हाताकडे बघून सापडलं. तर्जनी जोर लावते तेव्हा शेजारची तीन बोटंही तिच्याबरोबर आवळतात. एकाच घरातली, एकटीला कष्ट करू देतील कशी? ती आवळली की नळीचं नाक खाली वळतं. उपाय असा, की डाव्या हाताने आधीच इतकं घट्ट धरायचं की उजव्याला पकडायचं काम फारसं उरूच नये. उजवा हात हस्तांदोलनाइतकाच घट्ट. आणि बोटाचं टोक ट्रिगरवर न ठेवता थोडं आत, पहिल्या पेराच्या रेषेजवळ टेकवायचं. एअर पिस्तुलात असं केलं असतं तर सरांनी पट्टी मारली असती. इथे तरफेचा फायदा मिळतो.

आईचा फोन पुण्यातली सकाळ झाली की येतो, म्हणजे माझ्या गॅरेजच्याच वेळेला. फोन स्पीकरवर टाकून मी चालू ठेवायचो.

"काय रे, कसली टकटक चाललीय? सुतारकाम काढलंस का रात्रीचं?"

"ट्रिगरची प्रॅक्टिस, आई."

"अजून जमलं नाही होय ते?" टक्. "बघ, आता जरा हळू आवाज आला."

आवाजाचं तिचं खरं होतं. ट्रिगर झटक्यात ओढला की 'टक्' तुटक येते, सलग ओढला की गोल. पुढे पुढे मी डोळे मिटूनही ओळखायला लागलो.

तिसऱ्या आठवड्यात होल्स्टरमधून काढून, टाइमर लावून. बोट कधी आत जाणार हे इथे पक्कं ठरवावं लागतं. दोन्ही हात छातीसमोर जुळले, नळी टार्गेटच्या रेषेत आली की मगच बोट ट्रिगरवर. हात लांब होत असताना ट्रिगर मागे, हात थांबतात तिथेच घोडा पडतो. १.८ सेकंदांपासून सुरू केलं, रोज थोडं खाली. दीड सेकंदापर्यंत मजेत गेलो. मग क्लबात खऱ्या गोळ्यांवर हेच करताना उत्साहात घाई झाली आणि हात निम्मेच लांब झालेले असताना गोळी सुटली. टार्गेटच्या बरीच अलीकडे माती उडाली. मॅचमध्ये दहा फुटांच्या आत जमिनीवर गोळी लागली की थेट घरी पाठवतात. माझी त्याहून लांब पडली होती, पण फार लांब नाही. त्या दिवशी मी सामान आवरलं आणि पुढचा आठवडाभर पुन्हा १.८वर गेलो. आतापर्यंत मी ट्रिगर उशिरा सुरू करायचो, आता तो लवकर संपवायला लागलो होतो. साइट दिसायच्या आत शेवटचा टप्पा ओढायचा नाही, हे बोटाला वेगळं शिकवावं लागलं. त्यासाठी मधला भाग वेगात आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर त्याच लयीत पण डोळ्यांच्या ताब्यात. थांबणं आणि मंदावणं ह्यातला फरक शब्दांत सांगणं मला अजून जमलेलं नाही. रिक्षावाला स्पीडब्रेकरवर जे करतो ते साधारण जवळचं.

ऑक्टोबरच्या मॅचला क्लासिफायर, म्हणजे खेळाडूचा वर्ग ठरवणारी ठरावीक स्टेज, म्हणून 'एल प्रेसिडेंते' लागला. दहा यार्डांवर तीन टार्गेट्स, आपण पाठ करून, हात खांद्यांच्या वर. बीपला वळायचं, तिन्हींना दोन-दोन, रीलोड, पुन्हा दोन-दोन. वळून पिस्तूल काढताना पहिल्या गोळीचा विचार डोक्यात आलाच नाही. टार्गेट तपासताना अधिकारी पहिल्याजवळ गेला आणि म्हणाला, "फोर अल्फा." चारही ए. त्यातली एक चार महिन्यांच्या गॅरेजची. महिनाअखेर सरासरी ६० टक्क्यांच्या जेमतेम वर सरकली आणि मी सी वर्गातून बी वर्गात गेलो.

तिसऱ्या टार्गेटवर मात्र एक सी होता, वर खांद्याकडे. दुसऱ्या टार्गेटवरही एक. काकांनी लांबून पाहिलं आणि नुसती दोन बोटं दाखवली. दुसरी गोळी. सव्वातीन किलोची सवय लागलेलं बोट दीड किलोच्या ट्रिगरवरही तेवढ्याच त्वेषाने जातं, आणि साइट धक्क्यातून खाली यायच्या आत गोळी निघून जाते. सध्या गॅरेजमध्ये त्याचं चाललंय. आईला परवा कळलं, की आता टकटकीचा आवाज जोडीने येतो.