डी९० की आरएक्स१००: पन्नास एमएमने घातलेला घोळ

ठरलं होतं असं की दोन्ही कॅमेरे चाळीस दिवस वापरायचे आणि मग एकच ठेवायचा. चाळिसावा दिवस परवा झाला. दोन्ही कॅमेरे अजून टेबलावरच आहेत, आणि बॅगेतून हद्दपार झाली ती तिसरीच वस्तू. ते कसं, ते पुढे येतंच.

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकीकडे निकॉन डी९०, लेन्स बदलता येणारा डीएसएलआर: २००८ चा, १२.३ मेगापिक्सेल, एपीएस-सी मापाचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप), बरोबर १८-१०५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. दुसरीकडे सोनी आरएक्स१००, लेन्स न निघणारा कॉम्पॅक्ट: २०१२ चा, त्या मालिकेतला पहिलाच, २०.२ मेगापिक्सेल, २८ ते १०० मिमी एवढा झूम (हे आकडे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने). दोन्ही वापरलेले. लेन्ससकट डी९० सव्वा किलोच्या जरा आत, आरएक्स१०० बॅटरी-कार्ड धरून २४० ग्रॅम. खिशात मावतो म्हणतात तो खरंच मावतो, फक्त खिसा घट्ट नको.

आरएक्स१००च्या सेन्सरला 'एक इंची' म्हणतात, पण त्यात इंच शोधायला जाऊ नका. तो १३.२ बाय ८.८ मिमी आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची. तिचा बाहेरचा व्यास इंचभर, आणि चित्र टिपणारा भाग त्याहून बराच लहान. नळ्या गेल्या, नाव मात्र राहिलं. डी९०चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळात तिप्पटीहून थोडा जास्तच. हा आकडा डोक्यात ठेवूनच मी सुरुवात केली होती. निकाल आधीच लागल्यासारखा होता म्हणा ना.

दिवस १ ते ४

नुसती तपासणी. डी९०ने काढलेली एक जेपीईजी फाइल एक्झिफ (फाइलमध्ये दडलेली फोटोची माहिती) वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की शटर किती वेळा उडालं ते कळतं. माझं अडतीस हजारांच्या आसपास निघालं. या मॉडेलचं शटर एक लाखाच्या चाचणीतून गेलेलं आहे, तेव्हा चिंता नाही. मग एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), कोऱ्या आकाशाचा फोटो. त्यात सेन्सरवरची धूळ दिसते, आणि दिसलीच: वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन ठिपके आणि एक केसासारखं काहीतरी. मिरर वर उचलून कॅमेरा पालथा धरला, ब्लोअरने चार फुंकरी मारल्या, केस गेला, एक ठिपका राहिला. कॉम्पॅक्टच्या बाबतीत ही सोय नाही. लेन्स निघत नाही म्हणून धूळ सहसा आत जात नाही हे खरं, पण गेलीच तर कॅमेरा उघडल्याशिवाय बाहेरही येत नाही. त्यामुळे वापरलेला कॉम्पॅक्ट घेताना ही आकाशाची चाचणी आधी करा, बाकीचं नंतर.

एक फजितीही लिहून ठेवते. ६४ जीबीचं कार्ड डी९०मध्ये घातलं, कॅमेरा ते ओळखेचना. अर्धा तास मी कॉन्टॅक्ट पुसत बसले. हा कॅमेरा एसडीएचसीच्या जमान्यातला, म्हणजे ३२ जीबीच्या वर त्याची उडी नाही. मॅन्युअल वाचलं असतं तर तो अर्धा तास वाचला असता.

दिवस ६

पुस्तकांच्या कपाटाची चाचणी. संध्याकाळ, एकच दिवा, दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडशिवाय हातात, दोन्ही लेन्स सगळ्यात रुंद बाजूला, म्हणजे झूम अजिबात न करता. अपेक्षा अशी की मोठा सेन्सर सरळ बाजी मारेल.

तसं झालं नाही. किट लेन्स रुंद बाजूला एफ/३.५ च्या खाली उतरत नाही, आणि आरएक्स१०० तिथे एफ/१.८ देतो. म्हणजे जवळजवळ दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). शटर दोघांचं सारखं ठेवलं तर डी९०ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) ३२०० लागला तिथे आरएक्स१००चं ८०० वर भागलं. मग आरएक्स१००ची फाइल डी९०च्या मापाची करून, ४२८८ पिक्सेल रुंद, दोन्ही शेजारी ठेवल्या. (हे माप सारखं करणं विसरू नका. नाहीतर वीस मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्क्यांवर बघून लोक 'फुटला, फुटला' म्हणत सुटतात.) आरएक्स१००च्या फोटोत पुस्तकांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचता येत होती. डी९०च्या फोटोत सावलीत रंगीत दाणे होते आणि गडद निळी पाठ मळकट जांभळी झाली होती.

दुसरी फेरी दोघांना साधारण १०० एमएमच्या चौकटीवर नेऊन. आता आरएक्स१०० एफ/४.९ वर येऊन बसला आणि किट लेन्सही पाचच्या थोडी वर. उजेड दोघांना सारखाच, तेव्हा मोठा सेन्सर पुढे गेला, आणि चांगलाच पुढे.

दिवस ९

कागद आणि कंपास घेऊन बसले. फोकल लेंथला एफ-नंबरने भागलं की लेन्सच्या समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण काढून कोणी बघत नाही. मी प्रत्यक्ष मापाची वर्तुळं काढली.

आरएक्स१००, रुंद बाजू: खरी फोकल लेंथ १०.४ मिमी, भागिले १.८, म्हणजे ५.८ मिमी.

डी९०, किट लेन्स, रुंद बाजू: १८ भागिले ३.५, म्हणजे ५.१ मिमी.

कागदावर ही दोन वर्तुळं एकमेकांत ठेवली तर पेन्सिलीच्या रेघेएवढं अंतर उरतं, आणि मोठं आहे ते खिशातल्या कॅमेऱ्याचं! मोठ्या कॅमेऱ्याच्या मोठ्या लेन्समध्ये, रुंद बाजूला, कॉम्पॅक्टपेक्षा बारीक भोक. चौकट सारखी असेल तर उजेड किती येतो आणि मागचं किती धूसर होतं ते या भोकावर ठरतं, त्यामुळे सहाव्या दिवशी जे झालं ते होणारच होतं. बाकी काच, बॅरल, मोटर हे सगळं मी मानेवर वागवत होते ते लांब पल्ल्यासाठी. किट लेन्स ६७ एमएमच्या आसपास बारा-तेरा मिमीपर्यंत उघडते, आरएक्स१०० त्याच चौकटीला साडेसातवर थांबतो.

म्हणजे 'डीएसएलआर घेतला की मागचं धूसर होतं' हे जे सांगितलं जातं, ते किट लेन्सपुरतं तरी अर्धवट आहे. धूसर कॅमेरा करत नाही.

दिवस १४

पाऊस थांबून पंधरा मिनिटं झाली होती. रस्त्यावर एक मोठं डबकं, आणि शाळेतून सुटलेली पोरं त्यात उड्या मारत होती. खिशात आरएक्स१००. बटण दाबलं, लेन्स बाहेर यायला लागली, पोरगी हवेत, लेन्स अजून येतेच आहे, पोरगी पाण्यात. दुसऱ्या उडीला फोकस पुढेमागे होत राहिला. हा कॅमेरा काँट्रास्टवर फोकस करतो, म्हणजे पुढे जाऊन, मागे येऊन, सगळ्यात टोकदार कुठे आहे ते शोधतो. ढगाळ उजेडात करड्या पाण्यावर त्याला धरायला काही नव्हतं. डी९० असता तर स्विच फिरवून डोळ्याला लावेपर्यंत तो तयार असता. त्याचा फेज-डिटेक्शन सेन्सर फोकस कुठल्या दिशेला आणि किती चुकलाय हे एकदम सांगतो, चाचपडावं लागत नाही.

पण डी९० तेव्हा घरी कपाटात होता, तेव्हा या 'असता तर'ला काही अर्थ नाही.

त्या रात्री एक उपाय काढला, आणि या चाळीस दिवसांत मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच असेल. आरएक्स१०० मॅन्युअल फोकसवर टाकायचा, झूमला हात लावायचा नाही, एफ/४, आणि पुढची रिंग फिरवून अंतर अडीच मीटरच्या जवळ आणायचं. एवढ्या लहान सेन्सरला १०.४ मिमीच्या लेन्सवर साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. फोकस शोधणं बंद, बटण दाबलं की फोटो. डी९०वर १८ एमएमला असंच करायचं तर अंतर चार मीटर धरावं लागतं आणि जवळची हद्द दोन मीटरवर जाते. रस्त्यावर हा पाऊण मीटरचा फरक फार असतो.

दिवस १५ ला परत त्याच रस्त्याला गेले. डबकं आटलं होतं.

दिवस १९

एका मित्राने त्याची ५० एमएम एफ/१.८डी आठवडाभरासाठी दिली. जुनी, स्क्रू ड्राइव्हवाली, लेन्समध्ये मोटर नसलेली. ही घेताना बॉडी बघा: डी४०, डी६० आणि डी३०००, डी५००० मालिकांच्या बॉडीत फोकस मोटर नाही, तिथे ही लेन्स हातानेच फिरवावी लागते. डी९०मध्ये मोटर आहे. घर्र घर्र आवाज करत का होईना, फोकस होतो. वजन १५५ ग्रॅम. किट लेन्स ४२० ग्रॅमची होती. कॅमेरा एकदम हलका वाटायला लागला, मान मोकळी झाली.

आणि ते वर्तुळ: ५० भागिले १.८, जवळजवळ २८ मिमी. नवव्या दिवसाच्या कागदावर काढलं तर बाकीची सगळी वर्तुळं त्याच्या पोटात गेली.

खिडकीत मांजर बसलं होतं. आयएसओ ४००, एफ/२, मागे रस्त्यावरचे दिवे. हा फोटो आरएक्स१०० काढूच शकत नाही. तो वाईट कॅमेरा आहे म्हणून नव्हे, त्या चौकटीला त्याच्याकडे तेवढं भोक नाही म्हणून. इतके दिवस मी सेन्सर विरुद्ध सेन्सर अशी हमरीतुमरी मांडली होती, आणि एका जुन्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सने तिची हवाच काढून घेतली.

दिवस २३

पन्नासचा माज उतरला. भाचीचे तीस फोटो काढले, त्यातल्या बावीसमध्ये कान टोकदार आणि डोळे मऊ. कारण माझीच जुनी सवय: मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस करायचा आणि मग कॅमेरा हलवून चौकट साधायची. एक मीटरवर एफ/१.८ ला स्पष्टतेची जाडी जेमतेम तीन सेंटीमीटर असते. कॅमेरा एवढासा वळवला तरी डोळा तिच्या बाहेर जातो. आता डी९०च्या अकरा फोकस पॉइंटपैकी डोळ्याच्या जवळचा निवडते आणि एफ/२.८ ला राहते. बाजूच्या पॉइंटना कमी उजेडात जरा वेळ लागतो, पण कान येत नाहीत. शिवाय या लेन्सला स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, म्हणून शटर १/१०० च्या खाली नेत नाही. किटच्या सवयीने १/३० ला काढलेले सगळे हलले.

त्याच दिवशी भाचीकडून एक आंधळी चाचणीही करून घेतली. दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइल, व्हाइट बॅलन्स (पांढऱ्याची छटा) सारखा करून, चांगल्या उजेडातले दहा फोटो. 'जुन्या सेन्सरचे रंग वेगळे' असं मी स्वतःही बोललेली आहे. तिला दहापैकी पाच ओळखता आले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मग मी बसले, मला सहा. यापुढे या विषयावर मी गप्प.

दिवस २७ ते ३५

विशेष काही नाही. आरएक्स१०० रोज खिशात, डी९० सुट्टीच्या दिवशी. लक्षात आलेली एकच गोष्ट: दुपारच्या उन्हात आरएक्स१००च्या स्क्रीनवर मला माझाच चेहरा दिसतो. व्ह्यूफाइंडर त्या मालिकेत तिसऱ्या मॉडेलला आला, २०१४ मध्ये. डी९०चा प्रिझम मात्र उन्हात, बॅटरी संपलेली असताना, कसाही दाखवतो. तो ९६ टक्केच दाखवतो हा भाग वेगळा. कडेला न बोलावलेली कोपरं, फांद्या येऊन बसतात, आणि त्या घरी आल्यावरच दिसतात.

डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याने मी थांबून बघते आणि हात लांब करून धरलेल्याने टिपते, असं काहीतरी आहे. नक्की शब्दांत धरता येत नाहीये अजून.

दिवस ४०

फोटो निवडले. ठेवण्यासारखे सव्वीस निघाले. आरएक्स१००चे चौदा, त्यातले एक सोडून सगळे २८ वर, झूम न करता. डी९०चे बारा, त्यातले अकरा पन्नासने. उरलेला एक किट लेन्सचा, आणि तोही मी दया म्हणून ठेवला असावा.

मग सरळ आहे. किट लेन्स बॅगेतून बाहेर. भाचीला डीएसएलआर शिकायचाच आहे, तिच्या बॉडीला ती चालते, आणि सगळं एका लेन्समध्ये बघायला सुरुवातीला ती वाईट नाही. मित्राची पन्नास परत गेली, माझी आली आहे. हिच्या समोरच्या काचेवर कडेला बारीक ओरखडा आहे, फोटोत अजून तरी कुठे सापडला नाही. फिल्टरचं माप ५२ मिमी. फिल्म कॅमेऱ्याच्या वेळचं पोलरायझर त्याच मापाचं होतं असं आठवतंय, आज माळा उपसून बघते.