गावातलं नेट, बाबांची तार आणि मायनस अठ्ठावीस

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून आत. दोन वर्षांपूर्वी फायबर आलं तेव्हा वाडीत जणू पुन्हा एकदा वीज आली एवढा आनंद, पोलावरून आंब्यावर, आंब्यावरून फणसावर, फणसावरून आमच्या पडवीत अशी काळी वायर आली आणि मी पुण्याची खोली सोडून घरूनच काम करायला लागले. प्लॅन १०० एमबीपीएसचा. मिळायचं किती, तर पडवीत ५-६, मागच्या खोलीत १, आणि पाऊस जोरात आला की राउटरवर लाल दिवा लागून सगळंच बंद. मीटिंगमध्ये माझा चेहरा अर्धा तोंड उघडं असा अडकून बसायचा आणि ऑफिसातले त्याचे स्क्रीनशॉट काढायचे.

कस्टमर केअरला किती फोन केले त्याची गणतीच नाही. दर वेळी तेच, मॅडम राउटर बंद करून चालू करा. केला. दहा मिनिटं बरं चालायचं, परत तेच. एकदा तर तिकडच्या मुलाने सांगितलं की ग्रामीण भागात एवढंच येतं. म्हणजे बिल शहराचं आणि स्पीड गावाचा!

मग एका रविवारी ठरवलं की आधी आपणच नीट बघू. माझी पहिली चूक ही की मी सगळे स्पीडटेस्ट मोबाईलवर, वायफायवर करत होते, त्यात दोष घरातला की बाहेरच्या लाईनचा हे कळतच नाही. लॅपटॉप लॅन केबलने सरळ राउटरला लावला, बाकी सगळ्यांचे फोन वायफायवरून काढले (आई चिडली, तिची सिरीयल चालू होती) आणि टेस्ट घेतली. कधी ३१, कधी १४, मध्येच शून्य. म्हणजे वायफायने माती खाल्लीच होती, पण लाईनही धड नव्हती. दोन वेगळी दुखणी, आणि मी इतके दिवस एकच औषध शोधत होते.

राउटरच्या खाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता आणि पासवर्ड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून आत गेले आणि ऑप्टिकल पॉवर नावाचं पान सापडलं. त्यात आरएक्स पॉवर मायनस २८.९ डीबीएम. याचा अर्थ कळायला मला एक संध्याकाळ लागली, तुमची वाचवते. फायबरमधून प्रकाश येतो, तो आपल्या राउटरपर्यंत किती उरला ते हा आकडा सांगतो, डीबीएम हे त्याचं माप. मायनस १५ ते २५ च्या मध्ये असेल तर मस्त, २७-२८ च्या पुढे गेला की राउटरला नीट वाचताच येत नाही, चुका होतात, डेटा परत परत पाठवावा लागतो. आणि दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे २८ आणि २२ हे दिसायला जवळचे आकडे असले तरी प्रकाशात चौपटीचा फरक.

हा आकडा हातात आला आणि बोलणंच बदललं. आधी मी सांगायचे नेट स्लो आहे, ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आता आमच्या भागातल्या लाईनमनदादाला स्क्रीनशॉट पाठवून म्हटलं, दादा पॉवर मायनस २८.९ आहे, पावसात लॉस येतो, म्हणजे सिग्नलच जातो. त्याचा पाच मिनिटांत फोन, उद्या सकाळी येतो म्हणून. आणि आला, चक्क आला.

खांद्याला पिशवी, त्यात पॉवर मीटर आणि लाल लेझरची पेनसारखी टॉर्च. पोलावरच्या डब्यात मोजलं तर मायनस १९. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक, आणि पोल ते आमचं घर या जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरमध्ये दहा डीबी गायब. त्याने लाल टॉर्च वायरीच्या टोकाला लावली आणि आम्ही दोघं वर बघत चालत गेलो, आणि फणसाच्या दुबेळक्यात काळ्या वायरीच्या आतून लालसर उजेड झिरपताना दिसला. मी पहिल्यांदाच बघत होते, अंगावर काटा आला. वायर तिथे बाइंडिंगच्या तारेने करकचून बांधलेली, अगदी काटकोनात मोडलेली.

"ही तार कोणी बांधलीन?" दादा वरून ओरडला.

पडवीत बाबा पेपर वाचत होते. पेपर जरा वर गेला.

झालं असं होतं की गवताचा टेम्पो आत येताना वायर अडकायची, म्हणून बाबांनी ती वर ओढून पक्की बांधून टाकली होती. तांब्याची असती तर काही बिघडलं नसतं, पण फायबरला तीव्र वळण दिलं की प्रकाश आतल्या आत वळायच्या ऐवजी बाहेर गळतो. वाऱ्याने फांदी हलली की वळण आणखी आवळायचं, म्हणून पावसात लाल दिवा. सहा महिने मी कंपनीला शिव्या घातल्या आणि निम्मा दोष आमच्याच फणसावर!

बाकीचा निम्मा मात्र त्यांचा. तार सोडली, वायर मोठ्या गोलात सैल बांधली, पॉवर आली मायनस २४.५. पण पोलावर १९ असताना एवढी पण पडायला नको. घरातल्या जोडावर बघितलं तर आधीच्या माणसाने हिरवं कनेक्टर निळ्याला जोडून ठेवलेलं. हिरव्याचं टोक ८ अंशात तिरपं कापलेलं असतं, निळ्याचं जवळपास सपाट, दोघं एकमेकांना नीट टेकतच नाहीत आणि मध्ये फट राहते. दादाने टोक कापून नवीन हिरवं बसवलं, मीटरवर मायनस २०.८. लॅपटॉपवर लगेच ९४. त्याच्या वर जात नाही कारण माझ्या लॅपटॉपचा पोर्टच १०० चा आहे. दादाला चहा आणि फणसाचे गरे दिले, पैसे घेतले नाहीत त्याने.

मग घरातलं दुखणं. आमचं घर चिऱ्याचं, भिंती फूटभर जाड. राउटर होता कोपऱ्यातल्या खोलीत, गोदरेजच्या कपाटावर, कारण वायर तिथूनच आत आली होती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फास्ट असतं पण चिऱ्याच्या एका भिंतीतच दम टाकतं, २.४ वालं लांब जातं पण हळू. राउटर माजघरात, भिंतीवर डोक्याच्या उंचीवर आणला, तेवढ्यानेच पडवीत ६ चे ४५ झाले. मागच्या खोलीसाठी आधी रिपीटर घ्यायला निघाले होते, बरं झालं नाही घेतला, कारण तो साधा असेल तर तेच वायफाय पकडून पुढे फेकतो आणि त्यात स्पीड निम्मा होतो. त्याऐवजी पुण्याचा जुना राउटर पडून होता तो काढला. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी, म्हणजे घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद केलं (हे विसरलात तर दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात आणि घरात गोंधळ) आणि वाशांवरून कौलांखालून २० मीटर लॅन केबल ओढून ती त्याच्या वॅन (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) पोर्टमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये लावली. दोघांचं वायफाय एकमेकांत मिसळू नये म्हणून चॅनल वेगळे, एक १ वर, एक ६ वर. मागच्या खोलीत आता ७० येतं.

वाटलं संपलं. पण गणपतीत चाकरमानी आले आणि रात्री ९ ते ११ स्पीड परत १२. यावेळी मी घाबरले नाही. पॉवर बघितली, मायनस २०.८ च. मग पिंग, म्हणजे हाक मारून उत्तर यायला लागणारा वेळ: राउटरला १ मिलिसेकंद, बाहेर १८०. म्हणजे आमचं घर आणि वायर निर्दोष, पुढे सगळ्या वाडीचं नेट ज्या एका पाइपातून जातं तो भरलाय. मुंबईचे परत गेल्यावर पण रात्री २०-२५ च्या वर जाईना, तेव्हा आईच्या भिशीच्या वहीच्या मागच्या पानांवर दहा दिवस सकाळ, दुपार, रात्र असे वायरवरचे आकडे लिहिले. ते जोडून तक्रार केली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागून घेतला. तो घ्याच, त्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. ट्राय, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकट्यादुकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, आधी कंपनीकडे तक्रार आणि तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील, त्याला फी नाही. माझी तक्रार "रिझॉल्व्ड" म्हणून बंद केली, कोणी फोनही न करता. मी अपील केलं, वहीच्या पानांच्या फोटोसकट. तिथून माणसाचा फोन आला आणि काही आठवड्यांनी वरची लाईन वाढवली म्हणे. आता रात्री ४० ते ५५ असतं. १०० नाही, पण मीटिंग अडकत नाही. तसं सरकारी व्याख्येत २ एमबीपीएसला पण ब्रॉडबँडच म्हणतात, २०२३ च्या आधी तर ५१२ केबीपीएसला म्हणायचे, त्यामुळे भांडताना व्याख्या नाही, आपला प्लॅन आणि आपले आकडे पुढे करायचे.

राहिलं एकच, लाईट. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला, राउटर त्यावर तीन-साडेतीन तास चालतो (घेताना आपल्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर बघून घ्या). पण लाईट जाऊन दोन तास झाले की तिकडे बाजारात कंपनीचं जे मशीन आमच्या वाडीला नेट पुरवतं त्याची बॅटरी संपते आणि आमच्या चालू राउटरवर लाल दिवा लागतो. त्यासाठी नवीन डॉकेट टाकलाय, वही परत उघडलीय. आणि बाबा हल्ली टेम्पोच्या पुढे काठी घेऊन चालतात, वायर उचलून धरायला.