वाचून दाखवलेलं आणि वाचलेलं

मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मी पंचवीस वर्षं दिवाणजी होतो. रातांधळेपणा लहानपणापासूनचाच, पण त्याचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे हे पस्तिशी उलटल्यावर कळलं. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात, आधी काठाच्या. पावतीवरचा आकडा स्वच्छ दिसायचा आणि पायाशी ठेवलेल्या गुळाच्या रव्याला ठेच लागायची. हमाल म्हणायचे, "दिवाणजी, बघून चाला की ओ." बघूनच तर चालत होतो.

दिव्यांग असल्याच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा हीच अडचण झाली. खिडकीतल्या माणसानं मला भिंतीवरची पाटी वाचायला लावली. मी वाचली. "तुम्हाला तर दिसतंय, मग दाखला कशाला?" मागे रांग. मी गुमान परत आलो. दुसऱ्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अक्षर किती लांबून दिसतं एवढंच बघत नाहीत, नजरेचा पसाराही मोजतात. चांगल्या डोळ्याचा पसारा 40 अंशांपेक्षा कमी असला तर अल्पदृष्टी, 10 पेक्षा कमी असला तर अंधत्व.

मग फील्ड टेस्ट. अर्ध्या कढईसारख्या पांढऱ्या यंत्रात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बराच वेळ काहीच चमकेना. मला वाटलं यंत्र बंद पडलं. म्हणालो, "बाई, सुरू करा आता." बाई म्हणाल्या, "काका, चालूच आहे."

आणखी दोन खेपा झाल्या आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, हातात आलं.

तोवर वाचनाची पार दशा झाली होती. पाईपातून बघावं तशी चार अक्षरं दिसायची आणि पुढची ओळ सापडेपर्यंत मागचा शब्द निसटायचा. सकाळी चहाबरोबर बायको पेपर वाचून दाखवायची. गोड वाचते. पण कंटाळली की "बाकी काही विशेष नाही" म्हणून घडी घालायची, आणि विशेष काय ते तीच ठरवायची.

फोनची वाट भाच्यानं दाखवली. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली आणि टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू झालं. बोट लावलं की फोन नाव सांगतो, दोनदा टॅप केलं की उघडतो. पहिल्या दिवशी मला साधा फोन उचलता येईना. मी घाबरून भाच्याला हाक मारली तर म्हणतो, "मामा, बिघडला न्हाई, बोलायला लागलाय." दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की फोन उचलला जातो, हे शिकायला चार दिवस गेले. त्यात आवाज हिंदीचा लागला होता. "चांगलं"चं "च्यांगलं" आणि "जाऊ"चं "ज्याऊ". मराठी आवाज उतरवून घेतला तेव्हा कान शांत झाले. वेग मात्र महिनाभर रांगता ठेवला होता. आता माझा वेग ऐकून पाहुणे विचारतात, कॅसेट अडकली काय?

खरी डोकेदुखी मराठी पीडीएफची. युनिकोड, म्हणजे अक्षरांसाठीची सगळीकडे चालणारी एकच सांकेतिक पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला मराठी दिसतं, फोनला मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. एका मित्रानं प्रेमानं पाठवलेली कादंबरी फोननं "के, एक्स, ब्रॅकेट" अशी सुरू केली. स्कॅन केलेलं पुस्तक म्हणजे नुसता फोटो, त्यातून अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. त्यात "घ"चा "ध" होतो. एक चोर आख्खं प्रकरणभर "धरात धुसत" होता, आणि मी अंथरुणात एकटाच हसत होतो.

मग एका संस्थेमार्फत सुगम्य पुस्तकालयाचं सभासदत्व घेतलं. 2016 साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे, त्यामुळे इथे दाखला कामाला आला. परवानगीशिवाय पुस्तकं आम्हाला वाचता येतील अशा रूपात करायची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं आली. पुढे याच कामासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला 2014 मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपलाच. मला हवी असलेली मराठी पुस्तकं तिथे सगळी मिळाली असं नाही. पण जे मिळालं ते घडाघडा वाचता आलं, आणि हव्या त्या प्रकरणावर उडी मारता आली.

सिनेमाचं अजून जमलेलं नाही. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज, म्हणजे ऑडिओ वर्णन, मी दोन हिंदी सिनेमांना ऐकलं. मराठीला मला काही सापडलं नाही. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ज्या कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्याच गावात मी बायकोला कोपरानं ढोसून विचारतो, "आता काय झालं?" ती म्हणते, "थांबा हो जरा." म्हणजे रडायचा प्रसंग असणार.

गेल्या श्रावणात एका सकाळी ती देवळात गेली होती. मी एकटाच फोनवर कोल्हापूरच्या बातम्या सरकवत होतो. आवाज जसा बाजारभाव वाचतो तसाच निधन वार्ता वाचत गेला. एक नाव आलं. आमच्या दुकानातला तोलाईवाला, वीस वर्षं शेजारी बसलेला. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता, पंचगंगा घाट. "सकाळी" हे फोननं इतकं सपाट म्हटलं की मी परत मागे सरकवून ऐकलं.

ती आल्यावर सांगितलं. पिशवी ठेवत ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमचे दोघं-तिघं गेले मधल्या काळात. मी वाचत नव्हते."

"कोण कोण?"

तिनं नावं सांगितली. सकाळी आम्ही दोघंही घाटावर गेलो.